घाबरट माणसाचं मानपत्र

आमच्या मंडळीत मानपत्रं लिहायचं काम माझ्याकडे आहे. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो, आणि जो पुस्तकांच्या जवळ बसतो त्याला लिहिता येतं, असा अंधेरीतल्या मराठी ख्रिस्ती माणसांचा समज आहे. आजवर मी आठ मानपत्रं लिहिली. काही चर्चच्या पंचांची, काही पंचांच्या मेहुण्यांची. प्रत्येकात 'नम्रतेची मूर्ती' हे शब्द घातले, कारण ते नसले तर सत्कारमूर्ती रागावतात.

नववं याकोब पाटोळ्यांचं होतं. ते पुरं झालं नाही. त्यातला जो मजकूर मानपत्रात बसण्यासारखा नव्हता, तो इथे लिहितो आहे. म्हणजे जवळजवळ सगळाच.

याकोबभाऊ लिफ्ट मेकॅनिक होते आणि जिन्याने जात. आमच्या घरी प्रार्थनेला येत, तेव्हा सहा मजल्यांच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर चढून येत, दारात उभे राहून धापा टाकत आणि पहिला प्रश्न विचारत, "सिलिंडर बंद केलाय?" केलाय म्हटलं तरी आत जाऊन बघत. मग पंख्याखालची खुर्ची सोडून दुसरीवर बसत. रिक्षात बसले की उतरेपर्यंत दांडा धरून ठेवत. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहत, आणि मग ज्या बाजूने गाडी येणं शक्य नाही त्या बाजूला पुन्हा एकदा. त्यांची बायको रूथवहिनी म्हणायची, "लग्न झालं तेव्हा मीपण भित्री होते. पण एका घरात दोन भित्री माणसं चालत नाहीत. मला शूर व्हावं लागलं."

मुलं त्यांची टिंगल करत. मागून जाऊन फुगा फोडत. याकोबभाऊ दचकायचे, छातीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "हां, आहे. अजून आहे." काय आहे ते कुणी विचारलं नाही. मला वाटायचं, जीव. आता वाटतं, ते भीतीबद्दल बोलत असावेत.

एकदा आमची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत माझी आई होती, एकटी, वय अठ्ठ्याहत्तर. कंपनीला फोन केला तर माणूस निघालाय म्हणाले. मुंबईत 'निघालाय' या शब्दाचा अर्थ 'अजून जेवतोय' असा असतो. मी धावत दोन गल्ल्या पलीकडे याकोबभाऊंकडे गेलो. ते निवृत्त झालेले होते, तरी पिशवी दाराजवळच टांगलेली असे.

त्यांनी आधी मेन स्विच बंद केला. मग तिसऱ्या मजल्यावर किल्ली लावून लिफ्टचं दार उघडलं. समोर लिफ्ट नव्हती, काळा चौकोन होता, आणि खालून आईच्या रडण्याचा आवाज येत होता. तेलाचा आणि धुळीचा वास होता. मी एक पाऊल मागे सरलो. याकोबभाऊ पोटावर आडवे झाले आणि त्या काळोखात त्यांनी डोकं घातलं. त्यांच्या पोटऱ्या पँटच्या आत थरथरताना मला दिसत होत्या.

"आई, मी याकोब. भीती वाटते?"

"हो रे बाबा. खूप."

"मलापण. आपण दोघं घाबरू. पण तुम्ही दाराला हात लावायचा नाही. नुसतं घाबरायचं."

मग ते गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले, ब्रेक हाताने सोडून चाक फिरवत लिफ्ट बोट-बोट खाली घेतली, आणि दुसऱ्या मजल्याला लागली तेव्हा मी ओरडलो. आई बाहेर आली आणि म्हणाली, "तो माणूस माझ्याहून जास्त घाबरला होता रे. म्हणून मला धीर आला."

याकोबभाऊ खाली आले तेव्हा शर्ट घामाने चिकटला होता. मी म्हटलं, "तुम्ही तिला घाबरू नका असं का नाही सांगितलं?"

ते म्हणाले, "घाबरू नका म्हणणारा माणूस कधी त्या भोकात उतरलेला नसतो."

प्रार्थनेचंही त्यांचं असंच. आमच्याकडे प्रार्थना करणारी माणसं आकाश आणि पृथ्वीपासून सुरुवात करतात आणि अंधेरीला पोहोचेपर्यंत चहा गार होतो. याकोबभाऊंची पाळी आली की ते उठत, डोळे मिटत आणि म्हणत, "प्रभू, आमची बाजू घे. आमच्याकडे बाजू नाही. आमेन." खाली बसत. पाळकसाहेबांना हे फार त्रोटक वाटायचं. मला तेवढ्यासाठीच बाकीच्या प्रार्थना सोसवायच्या.

हीच पद्धत त्यांनी एकदा पंचांच्या बैठकीत वापरली. आमचा पेटीवाला सुधीर नाताळच्या उपासनेला पिऊन आला होता. त्याला काढून टाकायचं ठरलं होतं. बैठक फक्त ते गंभीरपणे ठरवण्यासाठी होती. मी इतिवृत्त लिहायला होतो. याकोबभाऊ पंच नव्हते, चहा घेऊन आले होते. ट्रे हातात तसाच ठेवून म्हणाले, "मी बोलू का?" कपबश्या वाजत होत्या.

अध्यक्ष म्हणाले, "बोला. तो प्यायलेला नव्हता म्हणणार?"

"नाही, नाही. प्यायलेला होता. मी वास घेतलाय. त्याची चूकच आहे."

"मग?"

"मग काही नाही. चूक आहे म्हणून तर कुणीतरी त्याच्या बाजूने बोलायला पाहिजे. चूक नसती तर तो स्वतःच बोलला असता." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि पेटी सुरात होती, साहेब. शुद्धीवर असलेल्या गायकांपेक्षा सुरात होती."

सुधीर अजून पेटी वाजवतो. ती बैठक मी इतिवृत्तात दोन ओळींत संपवली, कारण हसू लिहायची आमच्याकडे पद्धत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचे छोटे तुकडे, आणि औषधाच्या मापाएवढ्या काचेच्या प्याल्यांत द्राक्षरस. त्याची सगळी तयारी याकोबभाऊ करत. शनिवारी काळ्या मनुका भिजत घालत, उकळत, फडक्यातून गाळत. नंतर प्याले तीन पाण्यांतून धूत आणि पांढऱ्या पंच्यावर उपडे घालत. प्रत्येक प्याला उजेडात धरून बघत. हे ते बावीस वर्षं करत होते. उपासनेत मात्र ते कधी दिसत नसत. मागच्या छोट्या स्वयंपाकघरात उभे असत. ट्रे आत गेले की दार ओढून घेत. वाढणाऱ्याच्या ताटाकडे कोण बघतो? कुणीच नाही. मीही नाही.

म्हणून जेव्हा चर्चच्या वर्धापनदिनाला त्यांचा सत्कार करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांना ते उचित वाटलं. शाल, श्रीफळ, मानपत्र. श्रीफळावर अर्धा तास चर्चा झाली, नारळ ख्रिस्ती आहे की नाही याबद्दल. शेवटी फळ म्हणून तो मंजूर झाला. मी घरी जाऊन 'नम्रतेची मूर्ती' लिहिलं आणि पुढचा मजकूर विचारायला शनिवारी दुपारी चर्चच्या स्वयंपाकघरात गेलो.

मनुका उकळत होत्या. मी पहिलं वाक्य वाचून दाखवलं. याकोबभाऊंनी गॅस बंद केला. नंतर तो बंद झालाय का ते बघितलं.

"ते खोड," म्हणाले.

"राहू द्या हो. सगळ्यांना लिहितो."

"सगळ्यांना लिही. मला नको. तू वाचशील, लोक टाळ्या वाजवतील. टाळ्या वर ऐकू जातात."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग म्हणाले, "मी प्रभुभोजन घेत नाही. बावीस वर्षं. एकदापण नाही."

बाहेरच्या माणसाला यात विशेष वाटणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे प्रभुभोजनाआधी पाळक इशारा देतात. कुणाचा अपराध केला असेल तर आधी जाऊन समेट करा. अयोग्य रीतीने जो खातो-पितो तो स्वतःवर न्याय ओढवून घेतो. हे वाक्य दर महिन्याला म्हटलं जातं, त्यामुळे कुणी ऐकत नाही. लोक त्या वेळी पाकीट चाचपतात, मुलांना चिमटे काढतात. याकोबभाऊ दार ओढून घेऊन ते ऐकत असत.

त्यांनी सांगितलं ते असं. अंधेरी पूर्वेला, औद्योगिक वसाहतीजवळ, एका जुन्या ऑफिस इमारतीची लिफ्ट त्यांच्याकडे होती. जाळीच्या दाराची, आत लिफ्टमन बसलेला. महिन्यातून एकदा वर मशीनच्या खोलीत जाऊन ब्रेक तपासायचा आणि कार्डावर सही करायची. त्या दिवशी त्यांना उशीर झाला होता. संध्याकाळी उपासाची प्रार्थना होती. ते वर गेलेच नाहीत. कार्ड खाली मागवून तिथेच सही केली आणि प्रार्थनेला वेळेवर पोहोचले. चौथ्या दिवशी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून घसरली आणि तळाशी आदळली. आत फक्त लिफ्टमन होता, दत्ताराम. त्याची कंबर मोडली. चौकशी झाली. कार्डावर सही होती, म्हणजे ब्रेक ठीक होता, म्हणजे दत्तारामनेच लिफ्ट चुकीची चालवली. त्याची नोकरी गेली. याकोबभाऊंची राहिली.

"मला विचारलं, वर गेला होतास? मी म्हटलं, हो." त्यांनी पंच्याचं टोक पिळून धरलं होतं. "मी प्रार्थनेला जायला खोटी सही केली रे. सिनेमाला जायला केली असती तर एवढी भीती वाटली नसती."

मी म्हटलं, "देव क्षमा करतो, असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"करतो. पाळकसाहेब सांगतात, वर आपला कैवारी बसलाय, आपली वकिली करतो. खरंय. माझा विश्वास आहे. पण वकील मला विचारणार ना, याकोब, त्या माणसाकडे गेलास का? तेव्हा मी काय सांगू? उशीर झाला होता?"

मी सश्रद्ध माणूस नाही. चर्चला अर्धा सवयीने जातो आणि अर्धा आईमुळे. नरकाचं वर्णन मला कायम भाषेच्या अंगाने कच्चं वाटत आलंय. पण त्या दुपारी, मनुकांच्या वासात, मी त्या माणसाचा चेहरा बघितला. तो कुणालातरी बघत होता, आणि तो कुणीतरी माझ्या मागे उभा होता असं वाटून मी वळून बघितलं. मागे प्याले होते, उपडे घातलेले.

"तू चल माझ्याबरोबर," ते म्हणाले. "तू बोल. माझी जीभ चिकटते. तो जोगेश्वरीला राहतो. मी गल्लीच्या तोंडापर्यंत खूपदा जाऊन आलोय."

गुरुवारी सुट्टी टाकता येईना, म्हणून दुपारी दोनपर्यंतची मोकळीक घेतली. रिक्षात मी मनातल्या मनात भाषणाची तयारी केली. आठ मानपत्रांचा अनुभव होता. 'काळाच्या ओघात राहून गेलेली एक गोष्ट' अशी सुरुवात ठरवली. याकोबभाऊ दांडा धरून बसले होते. जोगेश्वरी पूर्वेला गल्लीच्या तोंडाशी उतरलो आणि ते थांबले.

"नको. पुढच्या आठवड्यात येऊ."

"पुढच्या आठवड्यात मानपत्र छापायला जाणार."

"तो शिव्या देईल."

"देऊ दे."

"नाही दिल्या तर?"

मी त्यांचा दंड धरला. तो लिफ्टच्या दोरासारखा ताणलेला होता.

तळमजल्याची खोली, दार उघडं. आत खाटेला काठी टेकवलेली, आणि एक म्हातारा स्टुलावर बसून माशाचं कालवण ढवळत होता. सून कामाला गेलेली असावी; घरात दुसरं कुणी नव्हतं. मी घसा साफ केला.

"नमस्कार. मी अंधेरीहून..."

"तुका नाय विचारूक. मागे लपलोहा तो कोण?"

याकोबभाऊ पुढे झाले. "मी याकोब. लिफ्टचा."

दत्तारामने पळी खाली ठेवली. मला वाटलं, आता काठी उचलणार.

"म्हातारो झालंस मेल्या," तो म्हणाला. "आणि हो कोण? वकील घेऊन इलंस?"

मी भाषण सुरू केलं. "काळाच्या ओघात एक गैरसमज..."

"गैरसमज नाही," याकोबभाऊ मध्येच बोलले. आवाज चिरकला होता, पण निघाला. "दत्ताराम, त्या महिन्यात मी वर गेलोच नव्हतो. खाली सही केली. ब्रेक बघितलाच नाही."

कालवण खदखदत होतं. दत्तारामने गॅस बारीक केला.

"माका काय सांगतंस? तेव्हा तू लिफ्टीतूनच जायचंस, वर न्हेणारो मीच. तू पाय ठेवलंस काय नाय, ता माका म्हायत नसताला? खाली टेबलावर सही केलंस. पेन माझो होतो."

याकोबभाऊंचं तोंड उघडं राहिलं. "मग चौकशीत सांगितलं का नाहीस?"

"सांगलंय ना. मेकॅनिक इल्लो, वर जाऊन बघून गेलो, असा सांगलंय."

"का?"

"आठ दिवस आधी पेढे दिलंस माका. मुलगी झाली म्हणान." तो माझ्याकडे वळला, जणू हे मला कळायला सोपं जाईल. "मी हॉस्पिटलात पडलंय, कमरेत सळई. साहेब येऊन इचारता, मेकॅनिक इल्लो काय? माझा हाड तर मोडलाच होता. ह्याची नोकरी मोडून ता जुळणार होता?"

याकोबभाऊ जमिनीवर बसले. कार्डावरच्या सहीने ते वाचले, असं ते बावीस वर्षं समजत होते. वाचवलं होतं या माणसाने, स्वतःवर घेऊन. आणि ज्याने आधीच त्यांची बाजू घेतली होती, त्याच्या गल्लीच्या तोंडावरून ते दर वेळी पळून आले होते. मला वाटलं, आता ते रडतील, मोकळे होतील. तसं काही झालं नाही. ते आणखी घाबरले. ओठ पांढरे पडले.

"माका पुण्यवान समजा नको हां," दत्ताराम म्हणाला. "नंतर दहा वर्सा रोज गाळी घातलंय तुका. सकाळची पयली गाळ तुझी."

"मग?"

"मगे कंटाळो इलो."

त्याने पुन्हा पळी उचलली. मग त्याचा आवाज बदलला.

"सहीचा मी तेव्हाच सोडलंय. पण तू बघूक इलंस नाय. तीन महिने पडान होतंय. दारात कोण दिसला की वाटायचा, याकोब इलो. एकदापण नाय इलंस. ता नाय सोडलंय मी."

याकोबभाऊंनी हात जोडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वकिलाकडे पाहावं तसं. "काय म्हणतोय तो?" पुटपुटले. "सोडलं की नाही सोडलं?"

आठ मानपत्रं लिहिलेल्या माणसाला सांगता आलं नाही.

"माफीबिफी माका कळणा नाय," दत्ताराम उठत म्हणाला. एका बाजूला कलत, भिंतीला धरत त्याने फळीवरून ताटं काढली. "आता इलंस ना? मग जेव. करली हा."

याकोबभाऊ त्यानंतर दहाव्या दिवशी गेले, झोपेत. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार अजून यायचा होता. तेव्हा त्यांनी प्याला उचलला असता की नाही, हे कुणी मला विचारू नये. शाल शवपेटीवर घातली गेली. पाळकसाहेब नम्रतेवर अर्धा तास बोलले. मी मानपत्र वाचलं नाही. कागद सापडत नाही म्हणून सांगितलं. मागच्या बाकावर काठी घेऊन एक म्हातारा बसला होता. तो कोण, हे रूथवहिनीलाही माहीत नव्हतं.

पण मी त्यांना नीट असं शेवटचं पाहिलं ते त्या गुरुवारी. मला दोनला ग्रंथालयात पोहोचायचं होतं, म्हणून मी जेवलो नाही. चपला घालताना दारातून बघितलं. दोघं जमिनीवर समोरासमोर बसले होते. करलीत काटे फार. कोकणातली माणसं ती बोलता बोलता खातात. आम्ही नगरकडची माणसं तिला हात लावत नाही. याकोबभाऊ भाताकडे बघत होते. काटा घशात अडकेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

दत्तारामने त्यांचं ताट स्वतःकडे ओढलं. तुकडा दोन बोटांत धरून एक एक काटा काढू लागला. काढलेला काटा तो आपल्या ताटाच्या कडेला ठेवत होता. मग मोकळा झालेला मासा भातावर घालून त्याने ताट परत सरकवलं.

"खा."

याकोबभाऊंनी घास उचलला आणि तोंडाजवळ नेऊन थांबवला.

"नक्की नाही ना राहिला एखादा?"

"नाय रे," दत्ताराम म्हणाला. "मी बघलंय."